उत्तर आणि उपपत्ति

विद्यापीठांत संगणकशास्त्राचे पहिले धडे घेणाऱ्या विद्यार्थ्यापुढें लवकरच एक प्रश्न उभा राहतो. आमच्या मतें तो नैतिक प्रश्न आहे. परंतु हें त्यास बहुधा कोणी सांगत नाहीं. आज्ञावली लिहिली, यंत्रावर चालविली, उत्तर बरोबर आलें. मात्र तें कां आलें हें सांगतां येत नाहीं. अशी आज्ञावली आपल्या नांवानें सादर करावी काय? आज तर मागतांच आज्ञावली लिहून देणारीं यंत्रेंही हाताशीं आहेत. त्यामुळें हा प्रश्न अधिकच निकडीचा झाला आहे.

कोणी म्हणेल, घड्याळाची रचना न कळतां आपण वेळ पाहतोंच कीं! परंतु घड्याळ वापरणारा निराळा आणि तें घडवून देणारा निराळा. जो आपल्या कृतीवर नांव घालतो, तो तिचा जामीन होतो. आणि कर्जरोखा न वाचतां जामीन राहणाऱ्यास आपण भोळा म्हणूं, प्रामाणिक म्हणणार नाहीं.

एक साधी रीत घेऊं. क्रमवार लावलेल्या यादींत एखादें नांव शोधावयाचें, तर मधलें नांव पाहावें, निरुपयोगी अर्धी यादी सोडावी, आणि उरलेल्या अर्ध्या भागाचें पुन्हां तसेंच करावें. दहा लक्ष नांवें असलीं, तरी सुमारें वीस वेळां पाहून काम भागतें. ही रीत १९४६ मध्यें प्रथम प्रसिद्ध झाली. परंतु कोणत्याही लांबीच्या यादीस लागू पडणारी तिची मांडणी छापून येण्यास १९६० साल उजाडावें लागलें, असें डोनाल्ड क्नूथ यांनीं नमूद केलें आहे.

अमेरिकेंतील कार्नेगी मेलन विद्यापीठांत जॉन बेंटली यांनीं पहिल्याच व्याख्यानांत हीच रीत विद्यार्थ्यांकडून लिहवून घेतली, आणि एकाची मांडणी वर्गासमोर तपासून ती कशी सदोष आहे तें दाखविलें. त्या विद्यार्थ्यांत जोशुआ ब्लॉक हे होते. पुढें बेंटलींनीं आपल्या पुस्तकांत या रीतीची उपपत्ति दिली. ब्लॉक यांनीं जावा भाषेसाठीं ती लिहिली. २००६ सालीं ब्लॉक यांनींच जाहीर केलें कीं, गुरूच्या व आपल्या, दोन्ही मांडण्यांत एकच चूक आहे. मध्य काढण्यासाठीं दोन स्थानांक मिळवितांना बेरीज २,१४७,४८३,६४७ च्या पलीकडे गेली, म्हणजे यंत्रांत ती ऋण होते. जावामध्यें ही चूक सुमारें नऊ वर्षें दडून होती.

मग उपपत्तीचा उपयोग काय? आम्हांस वाटतें, तो येथेंच दिसतो. ज्यास कारण ठाऊक आहे, त्यास आपलें कोणतें गृहीत ढासळलें हें दाखवितां येतें, व चूक सुधारतां येते. ज्यानें केवळ उत्तर उचललें, त्याजपाशीं चूक ओळखण्याचेंही साधन नसतें.

कोंकणांतील नांदगांवच्या गणेश दैवज्ञांनीं १५४५ मध्यें ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहून ‘लीलावती’तील रीतींस उपपत्ति जोडल्या. त्या रीतींनीं लोक सुमारें चारशें वर्षें उत्तरें काढीतच होते. तरी तेवढ्यानें त्यांचें समाधान झालें नाहीं.

विद्यार्थ्यानें यंत्राचें साह्य खुशाल घ्यावें. मात्र नांव घालण्यापूर्वीं त्यानें स्वतःस विचारावें: हें उद्यां चुकलें, तर कां चुकलें तें मी शोधूं शकेन काय? उत्तर नकारार्थी असेल, तर त्याचा अभ्यास अजून पुरा झालेला नाहीं.