न उघडलेलं टिपण

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात स्प्रिंगफील्ड गावात एक वकील होता. उंच, हडकुळा, पाटलोण घोट्याच्या वर. शाळा जेमतेम वर्षभराची; कायदा शिकला तो पुस्तकं मागून आणून.

१८५५ साली त्याच्याकडे मोठं काम चालून आलं. पीक कापणाऱ्या यंत्राच्या पेटंटवरून दोन कारखानदारांत जुंपली होती. दावा चार लाख डॉलरचा. वकील आपल्या अशिलाच्या रॉकफर्डमधल्या कारखान्यात गेला आणि यंत्र कसं चालतं ते नीट पाहून आला. मग त्याने मेहनतीने टिपण लिहिलं.

खटला सिनसिनाटीला उभा राहिला. हातात निळी सुती छत्री घेऊन तो तिथे पोहोचला. पण अशिलाने बाहेरून नामांकित वकील आणले होते. त्यांतल्या एडविन स्टँटनने पाहुण्याकडे एकदा पाहिलं आणि हे ध्यान कुठून आलं, असं सोबत्याला विचारलं म्हणे. त्याला कोणी जेवायला बोलावलं नाही, मसलतीला बसवलं नाही. टिपण कोणी उघडलंसुद्धा नाही.

दुसरा कोणी त्याच संध्याकाळी परतला असता. हा आठवडाभर प्रेक्षकांत बसून राहिला. स्टँटन मुद्द्यामागून मुद्दा कसा रचतो ते कान देऊन ऐकलं. आता घरी जाऊन कायदा पुन्हा शिकायचा, असं त्याने सोबतच्या माणसाला सांगितलं. या शहरात परत पाऊल टाकायची इच्छा नाही, असंही तो ज्या घरी उतरला होता तिथल्या यजमानीणबाईंना म्हणाला. फीचा चेक घरी आला, तेव्हा मी युक्तिवादच केला नाही म्हणून तो परत पाठवला. चेक पुन्हा आला, मग ठेवून घेतला.

पुढे हाच वकील, अब्राहम लिंकन, राष्ट्राध्यक्ष झाला. यादवी युद्ध पेटलं. युद्धखात्यात ठेकेदारांचा सुळसुळाट झाला होता. तिथे खमका माणूस हवा होता. स्टँटन विरोधी पक्षाचा, शिवाय पत्रांतून लिंकनला नावं ठेवणारा. १८६२ च्या जानेवारीत लिंकनने त्यालाच युद्धमंत्री केलं.

अपमान गिळला, असं आपण सहज म्हणतो. गिळलेलं पोटात राहतंच. लिंकनलाही ते लागलं होतं. पण माणूस आपल्याशी कसा वागला आणि त्याला काय येतं, हे दोन हिशेब त्याने एका वहीत मांडले नाहीत.

युद्ध चालू असताना लिंकन स्टँटनच्या कचेरीतल्या तारघरात जाऊन बसे, रणांगणावरून आलेल्या तारा स्वतः वाचे. दोघांचे खटके उडत, कामही होई.

१८६५ च्या १४ एप्रिलला लिंकनवर गोळी झाडली गेली. रात्रभर स्टँटन शेजारच्या खोलीत बसून हुकूम लिहून देत होता. सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी सगळं संपलं, तेव्हा तो अंथरुणापाशी उभा होता, आणि त्याच्या डोळ्यांतलं पाणी खळत नव्हतं.