टक्क्याच्या शेजारचा शब्द

इंग्रजीच्या तासाला ‘बाय’ आणि ‘टू’ यांतला फरक गाळलेल्या जागा भरून शिकवला जातो. चुकला तर अर्धा गुण जातो आणि विषय तिथेच संपतो. हाच फरक टक्क्याच्या शेजारी आला की त्याची किंमत माणसाच्या खिशातून वसूल होते, हे मात्र मुलांना कुणी सांगत नाही.

रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ती इतर बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, घ्या. मे २०२२च्या सुरुवातीला तो ४ टक्के होता. फेब्रुवारी २०२३मध्ये ६.५ टक्क्यांवर गेला. ‘टू’ म्हटले तर साडेसहा. ‘बाय’ म्हटले तर अडीच, पण ते टक्के नव्हेत, टक्केबिंदू; कारण मुळातल्या चारावर अडीचाची भर पडली म्हणजे दर साडेबासष्ट टक्क्यांनी वाढला. तिन्ही आकडे खरे आहेत. कर्ज देणाऱ्या बँकेने ही वाढ ग्राहकाला पुरती लावली असेल, तर ३० लाखांचे गृहकर्ज डोक्यावर असलेल्या माणसाला ती वर्षाकाठी सुमारे ७५ हजार रुपयांना पडते. त्याला ‘अडीच टक्केच तर वाढले’ असे ऐकवणे ही दिशाभूलच आहे.

ब्रिटनमध्ये ऑक्टोबर १९९५मध्ये याहून वाईट घडले. काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो, म्हणजे १०० टक्क्यांनी वाढतो, असा इशारा सरकारी औषध-सुरक्षा समितीने दिला. शंभर टक्के कशाचे, म्हणजे ‘ऑफ’च्या पुढे काय, हे लोकांपर्यंत पोचलेच नाही. सात हजार बायकांत एकीला होणारा त्रास आता दोघींना होणार होता, एवढाच त्याचा अर्थ. बायकांनी धास्तीने गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षात इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे १३ हजार जादा गर्भपात झाल्याचा अंदाज आहे. गुठळीचा धोका गोळीपेक्षा गरोदरपणातच जास्त असतो, हे त्या गदारोळात कुणी ऐकले?

आपल्याकडे ‘पर’ हा शब्द असाच गिळला जातो. ‘तीन टक्क्यांनी पैसे उचलले’ असे गावात म्हणतात तेव्हा ते तीन टक्के महिन्याचे असतात. दहा हजारांवर महिन्याला तीनशे, वर्षाला छत्तीसशे. बँकेचा नऊ टक्के दर ऐकून ‘सावकार स्वस्त पडतो’ असे समजणारा माणूस अडाणी नसतो. त्याला ‘पर मंथ’ आणि ‘पर ॲनम’ शेजारी ठेवून कुणी दाखवलेले नसते. मे १८७५मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात कुणब्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखते जाळली. आपल्या नावावर काय लिहिले आहे ते वाचता न येणे हेही त्या संतापामागचे एक दुखणे होते. आज सही करणाऱ्याला अक्षरे वाचता येतात, तरी कागदावरच्या दराचा अर्थ त्याच्या हाती लागत नाही.

टक्क्याआधी ‘अ’ घालायचा की ‘द’, यावर आपले शिक्षक मोप वेळ खर्च करतात. ‘अ टेन पर्सेंट राइज’ मधला ‘अ’ हा ‘राइज’चा, टक्क्याचा नव्हे, एवढे सांगितले की पुरे. त्या चुकीने कुणाचे घर बुडत नाही. ‘बाय’, ‘टू’, ‘ऑफ’, ‘पर’ आणि सेलच्या पाटीवर बारीक अक्षरांत दडवलेला ‘अप टू’ यांनी बुडते. खरे तर मराठी मुलाला हे अवघड जायला नको. ‘पाच टक्क्यांनी’ आणि ‘पाच टक्क्यांवर’ यांतला फरक त्याला आईच्या बोलण्यातूनच कळलेला असतो. व्याकरण एका तासाला, गणित दुसऱ्या तासाला, अशी फाळणी करून आपणच ती जाण बोथट करतो.

म्हणून इंग्रजीच्या शिक्षकांना विनंती आहे: गाळलेली जागा भरून झाली की मुलाला आकडा काढायला लावा. आधी किती होते, आता किती झाले, ते फळ्यावर येऊ द्या. आणि वृत्तपत्रांतल्या उपसंपादकांनो, मथळ्यात टक्का छापाल तेव्हा तो कशाचा, किती काळाचा आणि कितीवरून कितीवर गेला, हे बातमीच्या पहिल्याच ओळीत छापा.