हा बळी कुणाच्या खाती?

सप्टेंबर सरत आला की उत्तर कॅलिफोर्नियातल्या हम्बोल्ट, मेंडोसिनो आणि ट्रिनिटी या तीन काउंट्यांमध्ये गांजा पिकवणाऱ्याच्या हातातले भिंग सुटत नाही. ‘एमराल्ड ट्रँगल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या डोंगराळ मुलखात उघड्यावरचे पीक साधारण ऑक्टोबरात काढणीला येते. फुलोऱ्यावर राळेचे बारीक थेंब उभे असतात. ते अजून पारदर्शक आहेत, दुधाळ झाले आहेत की तांबूस पडू लागले आहेत, हे भिंगातून बघून काढणीचा दिवस धरला जातो. उशीर झाला तर पहिला पाऊस गाठतो आणि गच्च फुलोऱ्यात बुरशी शिरते. घाई केली तर माल कच्चा.

तेच भिंग पान उलटून धरले की निराळाच संसार दिसतो. शिरेच्या आडोशाला अर्धा मिलिमीटरही न भरणारा, आठ पायांचा, दोन्ही कुशींवर काळा डाग असलेला जीव. बाजूला मोत्यासारखी गोल अंडी आणि त्यांवर विणलेली विरळ जाळी. नाशिक-सांगलीच्या द्राक्ष बागायतदाराला याची ओळख करून द्यायला नको. तो त्याला लाल कोळी म्हणतो आणि वर दोन शिव्याही घालतो. टेट्रानिकस अर्टिकी हे त्याचे शास्त्रीय नाव. हजाराहून अधिक जातींच्या वनस्पतींवर तो पोट भरतो. पानाच्या पेशीत सुईसारखे तोंड खुपसून आतला रस ओढतो, आणि वरच्या बाजूला पांढुरके ठिपके उमटतात. हवा गरम आणि कोरडी असली तर अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. मादी शंभराच्या घरात अंडी घालते. नर मिळाला नाही तरी तिचे अडत नाही: फलित न झालेल्या अंड्यांतून नरच निपजतात आणि वंश पुढे सुरू. नव्वदाहून अधिक रसायनांना कुठे ना कुठे त्याने दाद देणे बंद केले आहे.

अशा शत्रूसमोर ‘मारावे की मारू नये’ हा प्रश्न शेतकरी विचारत नाही. मारावे कसे, एवढेच तो विचारतो. आणि इथे त्याला एक उत्तर मिळते, जे ऐकायला फार सोज्वळ आहे. औषध मारू नका, दुसरा कोळी सोडा.

हा दुसरा कोळी म्हणजे फायटोसियुलस पर्सिमिलिस. चिलीहून आलेल्या ऑर्किडच्या झाडांबरोबर तो १९५८ मध्ये नकळत जर्मनीत पोचला आणि लाल कोळ्यावर ताव मारताना संशोधकांच्या नजरेत भरला. पुढे हॉलंडमध्ये यान कॉपर्ट नावाच्या काकडी पिकवणाऱ्याने १९६७ पासून असे मित्रकीटक विकण्याचा धंदाच उभा केला. आज तो कोळी भुसभुशीत खनिज भुकटीत मिसळून बाटलीतून येतो. झाकण उघडायचे आणि पानांवर मीठ भुरभुरावे तसे त्याला भुरभुरायचे. नारिंगी रंगाचा, चपळ, दिवसाला पाच-एक मोठे कोळी किंवा वीसेक अंडी फस्त करणारा. माणसाच्या हाताला विष लागत नाही, मालात अवशेष राहत नाही. मारणारा निसर्ग, शेतकरी आपला बाजूला उभा.

बाजूला उभे राहण्याची ही सोय भारतीय विचाराने फार पूर्वीच बंद करून टाकली आहे. पतंजलीच्या योगसूत्रांत हिंसेचे तीन प्रकार सांगितले आहेत: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि दुसऱ्याने केलेली पाहून मान डोलावलेली. कृत, कारित, अनुमोदित. जैन आचारशास्त्रात तर ही त्रयी पावलोपावली येते. या हिशेबात बाटलीचे झाकण उघडणारा सुटत नाही. त्याने मारले नाही, मारवले. खाते तेच, रकाना वेगळा. उलट त्यात एक जादा नोंद पडते. पर्सिमिलिस जवळपास लाल कोळ्याच्याच गोतावळ्यावर जगतो. शिकार संपली की तो उपाशी मरतो किंवा आपल्याच भाऊबंदांना खातो. म्हणजे ज्याला कामाला लावले त्याचेही मरण शेतकऱ्याने आधीच गृहीत धरलेले असते.

जैन जीवविचाराची उतरंड लावली तर गोष्ट आणखी अवघड होते. झाडाला एकच इंद्रिय, स्पर्शाचे. मुंगीला तीन, माशीला चार. लाल कोळ्याला डोळे आहेत, पाय आहेत, तो पळतो, लपतो. त्याची जागा झाडाच्या वरची, यात शंका नको. शेतकरी करतो काय, तर खालच्या जिवाला वाचवण्यासाठी वरच्याला मारतो, आणि ज्याला वाचवले त्यालाच ऑक्टोबरात बुंध्यापासून कापतो. तेही अन्नासाठी नाही. बहुतेक वेळा नशेसाठी, काही वेळा दुखण्यावर उतारा म्हणून.

गांजाच्या धार्मिक महतीने हे गणित बदलते का? अथर्ववेदात संकटातून सोडवणाऱ्या वनस्पतींमध्ये भांगेचे नाव आहे. १८९३-९४ च्या भांग-गांजा चौकशी आयोगासाठी मुंबईचे जकात कलेक्टर जे. एम. कॅम्बेल यांनी या झाडाच्या धर्माविषयी एक स्वतंत्र टिपण लिहिले होते; पानात रक्षक देवता वसते ही लोकश्रद्धा त्यात मोठ्या आस्थेने नोंदली आहे. पण झाड पूज्य ठरले म्हणून त्यावरचा कोळी वध्य ठरत नाही. देवळाच्या बागेतल्या उंदरालाही जीव असतोच.

शेती आणि हिंसा यांचा झगडा जुना आहे. महाभारताच्या शांतिपर्वात जाजली नावाचा तपस्वी इतका निश्चल उभा राहतो की त्याच्या जटांत पाखरे घरटे करतात, पिल्ले वाढवून उडून जातात. या अहिंसेचा त्याला गर्व होतो, तेव्हा त्याला काशीच्या तुलाधार वाण्याकडे धाडले जाते. हा तराजूवाला त्याला सुनावतो की लोक शेतीला निष्पाप मानतात, पण नांगराचा लोखंडी फाळ जमीन आणि तिच्यातले जीव दोन्ही चिरतो. तुलाधार तऱ्हेतऱ्हेचे रस विकतो, फक्त मद्य विकत नाही. आजच्या कॅलिफोर्नियात परवाना दिला तरी गांजाचे दुकान त्याने बहुधा थाटले नसते.

पण नांगर धरणारा धर्मातून बाद झाला असे मात्र कुणी म्हटले नाही. जैन परंपरेत ऋषभदेवाने माणसाला शिकवलेल्या सहा कर्मांत कृषी आहे. कोल्हापूर, सांगली, बेळगाव या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या शेती करणारा मोठा दिगंबर जैन समाज आहे. कर्मवीर भाऊराव पाटील त्याच समाजातले, कुंभोजचे. या गृहस्थांसाठी आचार्यांनी वाट काढली ती हेतूच्या बाजूने. सोमदेवसूरींच्या ‘यशस्तिलक’ या इसवी सन ९५९ मधल्या ग्रंथात दाखला आहे तो कोळ्याचा; हा कोळी मात्र मासेमार. जाळ्यात एकही मासा न सापडलेला धीवर पापी, कारण त्याचे मन मारण्यावर लागलेले. आणि नांगराखाली असंख्य जीव मारणारा शेतकरी त्या पापाचा धनी नाही, कारण त्याचे मन धान्यावर.

आता पानाखाली भिंग धरून बसलेला, हातात बाटली घेतलेला माणूस यांपैकी कोण? नांगराखाली गांडूळ सापडते, ते कुणी शोधत नाही. फवारणी आणि परभक्षी कोळी मात्र नेमक्या जिवावर सोडलेले असतात. मन फुलोऱ्यावर आहे हे खरे, पण नजर भक्ष्यावर आहे हेही तितकेच खरे. दहाव्या शतकात शेतकऱ्याला दिलेली सवलत या माणसाला सरळ लागू होत नाही. फार तर तो विरोधी हिंसेचा आधार घेईल: आपल्यावर चाल करून आलेल्याला अडवले, एवढेच. हा युक्तिवाद लंगडा आहे. लाल कोळी कुणावर चाल करून येत नाही. एकाच जातीची हिरवीगार झाडे ओळीने लावून त्याला पंगत माणसानेच वाढलेली असते.

मग फवारा आणि बाटली सारखेच का? इथे मात्र थांबायला हवे. तत्त्वार्थसूत्राने हिंसेची व्याख्या करताना प्राण घेण्याच्या आधी प्रमाद ठेवला आहे, म्हणजे बेफिकिरी. आणि बेफिकिरीचे पुरावे गांजाच्या धंद्यात ढिगाने आहेत. २०१५ मध्ये कोलोरॅडोतल्या डेन्व्हर शहराने औषधांच्या वापरावरून हजारो झाडे अडकवून ठेवली. अमेरिकेत केंद्रीय कायद्याने गांजा बेकायदा, त्यामुळे धुरातून छातीत जाणाऱ्या या मालावर कोणते औषध किती चालते, हे केंद्रीय पातळीवर कुणी ठरवलेच नव्हते. कॅनडात २०१६-१७ मध्ये औषधी गांजाचा माल परत मागवावा लागला. त्यात मायक्लोब्युटॅनिल हे बुरशीनाशक आणि बायफेनाझेट हे कोळीनाशक सापडले होते. मायक्लोब्युटॅनिल जाळले की हायड्रोजन सायनाइड सुटतो. दुखणाईत माणूस उतारा म्हणून तेच ओढत होता.

जंगलातली तऱ्हा याहून वाईट. सरकारी वनांत चोरून पिकवलेल्या गांजाभोवती उंदरांसाठी विष पसरले जाते. कॅलिफोर्नियात मेलेल्या ५८ फिशरची (मांजराएवढा, झाडावर चढणारा मांसाहारी प्राणी) तपासणी झाली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ४६ जणांच्या अंगात उंदीरनाशक निघाले, आणि संशोधकांच्या संशयाचे बोट या चोरट्या लागवडीकडे गेले. एका उंदरासाठी ठेवलेले विष घुबडापर्यंत, फिशरपर्यंत चढत जाते. पर्सिमिलिसचे मारणे मात्र लाल कोळ्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. हात दोन्हीकडे भरलेले आहेत. पण एकाला आपण काय मारतो आहोत हे ठाऊक आहे आणि दुसऱ्याने ते विचारलेलेही नाही.

ज्याला हे ठाऊक असते, तो मारतोही कमी. जुलैत, दोन-चार पानांवरच ठिपके असताना पान उलटून बघणारा तेवढी पाने खुडून बाहेर नेतो, पाण्याचा जोरदार फवारा मारतो. सप्टेंबरात फुलोऱ्यावर जाळी दिसेपर्यंत न बघणाऱ्यासमोर हे पर्याय उरत नाहीत. तोवर राळ इतकी चिकट झालेली असते की सोडलेला परभक्षी कोळीही तिच्यात अडकून बसतो. जैन साधू वस्त्र, पात्र, आसन वापरण्याआधी नीट न्याहाळून घेतात, पडिलेहण करतात. शेतात त्याचा अर्थ आठवड्यातून दोनदा पाने उलटणे, इतका साधा होतो. द्राक्षाच्या निर्यातीतले जाणकारही हेच सांगतात, फक्त रेसिड्यूच्या भीतीने.

काढणीनंतर उरतो तिसरा रकाना, अनुमोदनाचा, आणि तो गिऱ्हाइकाच्या नावावर आहे. फांद्या कापून टांगल्या की पाने सुकू लागतात. पोट भरेनासे झालेले कोळी शेंड्याकडे चढतात आणि टोकाला धाग्यांच्या गोळ्यात एकत्र जमतात. दिवस लहान झाल्याची चाहूल लागलेल्या काही माद्या आधीच नारिंगी पडून, खाणे सोडून, सालीच्या भेगांत आणि पालापाचोळ्यात थंडीपुरत्या दडी मारून बसलेल्या असतात, त्या वाचतात. शेंड्यावरच्यांना ती सोय नसते. म्हणून कित्येक शेतकरी ताज्या फांद्या बादलीतल्या पाण्यात बुचकळून काढतात. दुकानातल्या बरणीत जाळीचा धागा किंवा वाळका पाय दिसला तर माल परत येतो, आणि कॅलिफोर्निया राज्याचा नियमही गिऱ्हाइकाच्याच बाजूचा आहे: प्रयोगशाळेत तीन ग्रॅम मालामागे कीटकाचा एक तुकडा चालतो, दोन निघाले तर अख्खा लॉट नापास.