पुढचा ब्रेक

वयाच्या ५६व्या वर्षी आम्ही आयुष्यातली पहिली मोटारसायकल घेतली. घरच्यांनी संत ख्रिस्तोफरचे पदक किल्लीला अडकवले. पापडीच्या रस्त्यावर एक लहान मुलगी आजीचा हात सोडून एकाएकी समोर आली. पुढचा ब्रेक लावला की माणूस तोंडावर आपटतो, हे सायकलच्या दिवसांपासून मनात बसलेले भय. आम्ही मागचाच ब्रेक दाबला. चाक जागीच अडकून घसरले. मुलीपासून वितीभर अंतरावर गाडी थांबली.

आमचा हेतू निर्मळ होता. पण ब्रेक लावताच गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो आणि थांबवण्याची खरी ताकद तेथेच असते. गॅरेजमधला विशीतला पोरगा म्हणाला, “काका, पुढचा ब्रेक काय शोभेला दिलाय?” मग त्याने सैल लोंबणारी चेनही दाखवली. तिच्याकडे आम्ही कित्येक महिने पाहिलेही नव्हते.

जे जाणून घेणे शक्य होते आणि कर्तव्यही होते, त्याचे अज्ञान निर्दोष नसते, असे संत थॉमस अक्वायनस मानतात. हे पटते. ॲरिस्टॉटल मात्र लहानपणी जडलेल्या सवयीलाच सर्वस्व मानतो. तसे असेल तर उतारवयातल्या पश्चात्तापाला अर्थ तो काय उरला?

त्या शनिवारी प्रायश्चित्त संस्काराला गेलो. ‘कर्तव्यात कसूर’ म्हणताना चेन ओठांवर आली. धर्मगुरू हसतील, असे वाटले. ते हसले नाहीत.

हल्ली मिस्सा झाल्यावर आम्ही रिकाम्या मैदानात पुढचा ब्रेक हळूहळू दाबण्याचा सराव करतो. अजूनही आधी पायच हलतो.