न ऐकता दिलेला होकार

गुरुबंधू-भगिनींनो, गेल्या गुरुवारी डिचोलीच्या सत्संगानंतर चहा घेताना एक विषय निघाला. आपल्या एक ताई इस्पितळात ऑडिओलॉजिस्ट आहेत, म्हणजे कानांची तपासणी करून मशीन लावून देतात. त्या म्हणाल्या, "वयस्क माणसं सगळ्याला 'हो हो' म्हणतात. ऐकलेलं काहीच नसतं." आमच्यातलं कोणीतरी लगेच म्हणालं, मग हे असत्यच झालं की!

आम्हालाही तेव्हा तसंच वाटलं.

तपासणीत माणसाला बंद खोलीत हेडफोन लावून बसवतात. २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे बारीक बारीक स्वर सोडतात, ऐकू आला की बटण दाबायचं. काहीजण स्वर नसतानाही दाबतात. नापास होऊ अशी भीती! ताई रागावत नाहीत, परत समजावतात आणि परत सुरुवात करतात.

एकदा एक आजोबा आले. २०१२ साली खाणी बंद पडल्या, तोपर्यंत डिचोलीकडच्या खाणीवर यंत्र चालवलेलं. मोठ्या आवाजाचा मार पहिला बसतो तो ४००० हर्ट्झच्या आसपास, वयाने जातात तेही वरचेच स्वर. त्यामुळे 'आ', 'ओ' ऐकू येतात, पण 'स', 'त', 'फ' निसटतात. आवाज येतो, शब्द लागत नाही. तिथे ओरडून काय उपयोग? ताई विचारत होत्या आजोबांना, उत्तरं देत होता मुलगा. "त्यांना काय विचारता, मला विचारा." शेवटी आजोबाच म्हणाले, "म्हाका विचार गो बाय." ताईंनी खुर्ची त्यांच्यासमोर ओढली आणि सावकाश बोलल्या. मशीन कानात घालायचं की नाही, ते आजोबांनी स्वतः ठरवलं.

हे ऐकल्यावर आमचा न्याय डळमळला. म्हातारं माणूस 'हो' कधी म्हणायला लागतं? तीनदा "काय?" विचारल्यावर आपण "काही नाही, सोडा" म्हणतो, त्यानंतर. काहीतरी होतंच ना? मग पहिलं खोटं कोणाचं?

आणि आमचंच सांगायचं तर, पेडण्याचे एक काका कित्येक वर्षं आपल्या सत्संगात मागे, भिंतीला टेकून हसतमुख बसतात. "काय शांती आहे चेहऱ्यावर!" असं आम्ही नवीन साधकांना सांगत आलो. श्रवण ही नवविधा भक्तीतली पहिली, आणि त्यांना प्रवचन ऐकू येतं का हे आम्ही एकदाही विचारलं नाही. परवा कागदावर लिहून विचारलं. काका हसले, मग डोळे पुसले. म्हणाले, "भजनाचा ताल कळता, बाकी कायच ना."

येत्या गुरुवारी पेडण्याला सत्संग आहे. बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड पडेल असं बसवायचं आहे, आणि जवळचा पंखा बंद ठेवायचा आहे. काकांनी कुठे बसावं हे मात्र कोणी परस्पर ठरवू नये. त्यांनाच विचारूया, समोर जाऊन.

जय गुरुदेव.