पुण्यतिथीनंतरचं रक्तदान

आश्विन वद्य पंचमी, म्हणजे तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी, जवळ आली की गुरुकुंज मोझरीची वाट भगव्या टोप्यांनी भरून जाते. 1935 साली महाराजांनी इथं आश्रम उभा केला आणि वऱ्हाडातल्या माणसाला भजनासोबत श्रमदानाची गोडी लावली. ज्याच्या गाठीला पैसा नाही, त्यानंही गावासाठी घाम गाळावा. रक्तदान मला त्याच वाटेवरचं वाटतं.

खाटेवर आडवं व्हायचं, मुठीत मऊ चेंडू दाबत राहायचं. दहा मिनिटांच्या आत 350 मिलिलिटरची पिशवी भरते. पैसे घेऊन रक्त देणं देशात 1998 पासून बंद आहे. म्हणजे सारी भिस्त तुमच्याआमच्यावरच.

पण जयंती-पुण्यतिथीला शिबिरांत रांगा लागतात आणि दिवाळीच्या सुट्टीत, मे महिन्याच्या उन्हात रक्तपेढ्यांत चणचण भासते, याची मला फार खंत वाटते. लाल पेशी जेमतेम 35 ते 42 दिवस टिकतात, प्लेटलेट्स तर पाचच दिवस. मेळघाटातल्या सिकलसेलच्या लेकराला किंवा बाळंतपणात रक्तस्राव झालेल्या माउलीला तिथीची वाट पाहता येत नाही.

पुरुषांना दर तीन महिन्यांनी आणि स्त्रियांना चार महिन्यांनी रक्त देता येतं. वय अठरा पूर्ण, वजन किमान 45 किलो आणि हिमोग्लोबिन साडेबारा हवं. तेव्हा पुण्यतिथीच्या महोत्सवात रक्त द्याच, पण मे महिन्यातही एका सकाळी पोटभर न्याहारी करून अमरावतीच्या रक्तपेढीत जाऊन या. जाताना शेजारच्या तरण्या पोरालाही सोबत घ्या.