दिलेल्या शब्दाचा धनी कोण?

बऱ्हाणपुरात पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या आम्हां मराठी कुटुंबांना असीरगड परका नाही. थोरला बाजीराव १७४० साली याच निमाडात, रावेरखेडीस, नर्मदाकाठी निवर्तला. त्याच निमाडात ३ जून १८१८ रोजी, असीरगडानजीक धूळकोट येथे, शेवटच्या पेशव्याने इंग्रजांपुढे शस्त्र ठेवले. ही दोन स्थळे एकाच मुलखात असावीत, हे आम्हांस नेहमीच अस्वस्थ करते.

शरणागती स्वीकारणारा होता सर जॉन माल्कम. १७६९ साली स्कॉटलंडात जन्मलेला हा मुलगा कोवळ्या वयात कंपनीच्या फौजेत शिरला. पुढे इराणच्या दरबारी वकील, महिदपूरच्या लढाईतील सेनानी, १८२७ ते १८३० मुंबईचा गव्हर्नर आणि अखेरीस ब्रिटिश पार्लमेंटचा सभासद, असा त्याचा प्रवास झाला. तलवारीकडून राजकारणाकडे गेलेल्या या पुरुषाच्या चरित्रातील एकच कृत्य आज आम्हांस विचारात घ्यावयाचे आहे. राज्यत्याग करून हिंदुस्थानात जाऊन राहण्याच्या अटीवर त्याने बाजीरावास वर्षाला निदान ८ लाख रुपयांचे वेतन देऊ केले. शिवाय त्याच्या निष्ठेपायी बुडालेल्या आश्रितांचा विचार होईल, असे वचन दिले.

हे औदार्य होते की हिशेब? पावसाळा तोंडावर आला होता. असीरगड अजून शिंद्यांच्या किल्लेदाराकडे होता. पेशवा गडावर चढला असता तर युद्ध लांबले असते. लांबलेल्या युद्धापुढे ८ लाख स्वस्तच. शिवाय ते रुपये माल्कमच्या खिशातले नव्हते. आमच्याच रयतेच्या घामाचे होते. दुसऱ्याच्या धनाने केलेल्या दानास दान म्हणावे काय?

आमच्या मते येथे दोन प्रश्नांची गल्लत होते. वचन कोणत्या हेतूने दिले, हा एक प्रश्न. दिल्यावर ते कोणावर बंधनकारक ठरते, हा दुसरा. हेतू शुद्ध नसला म्हणून वचन खोटे ठरत नाही. व्यवहारातील बहुतेक वचने गरजेपोटीच दिली जातात. त्यांची कसोटी लागते ती गरज सरल्यावर. गव्हर्नर-जनरल हेस्टिंग्जला ही रक्कम अवाजवी वाटली. तरी आपल्या प्रतिनिधीने शब्द दिला आहे म्हणून त्याने तो मान्य केला. नापसंत वचन पाळण्यात जी नीती आहे, ती आवडते वचन देण्यात नाही.

बाजीराव ब्रह्मावर्तास आणखी बत्तीसहून अधिक वर्षे जगला आणि १८५१ च्या जानेवारीत वारला. माल्कम १८३३ सालीच गेला होता. करारात वेतन बाजीरावाच्या व त्याच्या कुटुंबाच्या निर्वाहासाठी म्हटले होते. परंतु डलहौसीच्या सरकारने ते व्यक्तीपुरते ठरवून दत्तकपुत्र नानासाहेबास नाकारले. शब्द देणारा नाही, घेणारा नाही. उरला फक्त कागद, आणि कागदाचा अर्थ बलवानाने लावला. १८५७ च्या वणव्यास कारणे अनेक होती. त्यांत हे एक होते, हे इतिहास नाकारत नाही.

इंग्रजांस दोष देऊन हा विषय संपविणे सोपे आहे. पण आमच्याही घरांत वाडवडिलांनी दिलेले शब्द आहेत: कुळाला, पुजाऱ्याला, विधवा आत्येला, शेजारच्या विणकराला. त्यांतले किती कागदावर आहेत? साक्षीदार गेले, गरज सरली. आता ते पाळले नाहीत तरी विचारणारे कोणी नाही. अशा वेळी आम्ही डलहौसीप्रमाणे अक्षर शोधतो, की हेस्टिंग्जप्रमाणे मनाविरुद्ध मान तुकवितो?

वारसाहक्काने घर मिळते तसे ऋणही मिळते. घर ठेवून ऋण टाकणाऱ्यास वारस म्हणावे की नुसता ताबेदार, एवढे ज्याने त्याने आपल्या देवघरापुढे बसून ठरवावे.